चप्पल पायातच राहू दे

तुमच्या डोळ्यांसमोर एखादा माणूस झटका येऊन कोसळला, हातपाय ताठ झाले, डोळे फिरले, तर तुमचा हात आधी कुठे जातो?

खरं सांगा. पायाकडे जातो. चप्पल काढून त्याच्या नाकाला लावायला. मी हे विचारत फिरले आहे. खोपोलीच्या एका गॅरेजात विचारलं, कर्जतच्या कॉलेजातल्या मुलामुलींना विचारलं, एका शिक्षकांनाही विचारलं. सगळ्यांनी चप्पल सांगितली. शिक्षकांनी बूट म्हटलं, एवढाच फरक.

जनादादा, हा प्रश्न तुझा आहे. तू म्हणायचास, लिहायचंच असेल तर पहिल्या ओळीतच विचार, नाहीतर कुणी दुसऱ्या ओळीवर येणार नाही. घे, विचारला. हा वाद तू जिंकलास. बाकीचे मी अजून सोडलेले नाहीत, आणि तू गेलास म्हणून सोडणारही नाही.

परवा पाताळगंगा नदीच्या काठी तुझा दहावा झाला. तिथे जे बोललं गेलं ते ऐकून मी घरी आले आणि लिहायला बसले. त्याच्याबद्दल शेवटी सांगते. आधी आपलं बोलू.

तू माझा मावसभाऊ, माझ्याहून बराच मोठा. आठवडाभर टेंपो चालवायचास आणि शनिवार-रविवार खाचरात माईक धरायचास. भात निघालं की आपल्याकडची खाचरं मोकळी होतात. धसकटं काढून, पाणी मारून, रोलर फिरवून पोरं मधोमध खेळपट्टी करतात आणि बांध हीच सीमारेषा. खालापूरपासून शेलूपर्यंत कुठेही टेनिस चेंडूची स्पर्धा असली, की कॉमेंट्रीला तू. बॅट फिरली की तुझा आवाज चढायचा, "आन हा गेला, बांधावरनं, म्हशीच्या डोक्यावरनं, थेट वालाच्या शेतात," आणि ज्याचं शेत असायचं तो हातातलं काम टाकून कमरेवर हात ठेवून उभा राहायचा. त्यालाही तू सोडायचा नाहीस. "शेतमालक नाराज हायेत. शेंगा तोडू नका, चेंडू तेवढा आणा."

माझं घर निराळं. बाबा खोपोलीच्या कारखान्यात युनियनचं काम करायचे. घरात पिवळ्या, गुलाबी, पातळ कागदांचे गठ्ठे असायचे आणि माझी अक्षरओळख त्यांच्यावर झाली. 'क' मला कमळाआधी कामगारातला कळला. मोठी झाल्यावर मीही पत्रकं लिहायला लागले आणि तू मला पत्रकबाय म्हणायला लागलास. कर्जतला वडा खाताना त्याच्या पुड्याचा कागद उलटसुलट करून बघायचास आणि सगळ्यांच्या देखत म्हणायचास, "बाय, तुजं पत्रक हाय गं ह्ये. शाई वड्याला लागलीय. विचार पोटात तरी गेला." मी चिडायचे. मी म्हणायचे, तुझी कॉमेंट्री तरी कोण लक्षात ठेवतं? सामना संपला की हवेत. तू म्हणायचास, हवेतनंच सगळ्यांच्या कानात जाते, तुझ्या पत्रकासारखी पायरीवर पडून राहत नाही.

मग तो सामना आला. आपल्याच गावचा, आपल्याच खाचरात. डोकं दुखतंय हे तू बरेच दिवस सांगत होतास. सकाळी उठल्यावर जास्त दुखतं, मळमळतं. आम्ही सगळ्यांनी मिळून त्याचं कारण ऊन ठरवलं, भोंग्याचा आवाज ठरवलं, एकाने तर वनितावहिनीची माहेरची माणसं ठरवलं. त्या दिवशी शेवटचं षटक चालू होतं. तू म्हणालास, "आन हा चेंडू," आणि पुढे काही आलंच नाही. लोकांना वाटलं तू नाटक करतोयस, उत्कंठा वाढवतोयस. काही जण हसलेसुद्धा. मग भोंग्यातून टेबल पडल्याचा आवाज सगळ्या शिवारात घुमला, कारण माईक चालूच होता.

दोन्ही संघ धावले, आणि धावता धावता बूट काढत धावले. मी बांधावरून बघत होते. यष्टिरक्षक एका पायावर लंगडत बूट ओढत होता. भेळवाला अर्धा चिरलेला कांदा घेऊन आला. पण सगळ्यांच्या आधी पोचली ती मावशी, तुझी आई. बायकांच्या घोळक्यातून ती कशी उठली, कुठून वाट काढली, कुणाला कळलं नाही. तिने तुझं डोकं मांडीवर घेतलं आणि स्वतःची चप्पल तुझ्या नाकाशी दाबून धरली. "हुंग रं बाला, हुंग." श्वास घ्यायला जिथून जागा होती ती जागाच ती बंद करत होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

तू नंतर त्याचीही गंमत केलीस. शुद्धीवर आलो तेव्हा नाकात दोन्ही संघ होते म्हणालास, आणि जिंकलेला संघ हरलेल्यापेक्षा जास्त घाण वास मारत होता.

पुढचे काही आठवडे भगताकडे गेले. खाचराच्या कोपऱ्यातल्या देवाला ओलांडून तू माईकची वायर नेली होतीस, म्हणून हे झालं असं ठरलं. लिंबू झालं, दोरा झाला, कोंबडा झाला. दुसरा झटका टेंपोत बसताना आला. टेंपो चालू झाला नव्हता एवढंच नशीब. त्यानंतर वहिनीने कुणाला न विचारता तुला उचललं. आधी टेंपो, मग गाडी, मग रिक्षा, मग मुंबईच्या मोठ्या इस्पितळातली रांग. मी सोबत होते. डॉक्टरबाईंनी पडद्यावर तुझ्या डोक्याचं चित्र दाखवलं. डाव्या बाजूला गाठ होती, बोलणं जिथे तयार होतं त्याच्या अगदी शेजारी. शस्त्रक्रिया करून बरीचशी काढता येईल, सगळी नाही. जी राहील ती परत वाढेल. हे त्यांनी न लपवता सांगितलं, आणि त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

किती दिवस, असं तू विचारलं नाहीस. तू विचारलंस, "मॅडम, बोलता यील का?"

त्या म्हणाल्या, काही शब्द जातील. वस्तूंची नावं, माणसांची नावं. काही परत येतील, काही येणार नाहीत.

बाहेर चहाच्या टपरीवर आपण उभे होतो. वहिनी कागदपत्रं आणायला आत गेली होती. मला वाटलं आता तू मुलीबद्दल काही बोलशील, ती जेमतेम शाळेत जायला लागली होती. तू ग्लास ओठाला लावलास, खाली घेतलास आणि म्हणालास, शब्द जायच्या आत एक काम उरकायचंय. त्या चपलांचं.

मला कळेना. तू म्हणालास, "मला राग नाय आला गं आईचा. ती माज्यासाठी सगळ्यांच्या आदी धावत आली, आन तिच्या हातात काय हुतं, तर चप्पल. चुकी तिची नाय. तिला दुसरं कुणी काय दिलंच नाय."

दादा, मी इतकी पत्रकं लिहिली आहेत. त्यांतल्या एकाही पत्रकात इतकं खरं वाक्य मला लिहिता आलेलं नाही.

घरी आल्यावर सगळ्यांनी एकच सूर धरला की कुणाला सांगायचं नाही. पोरीचं पुढे लग्न व्हायचंय म्हणे. शाळेत जाणाऱ्या पोरीचं. फिट येणाऱ्याचं घराणं म्हणून लोक बोट दाखवतील. मावशीनेही हात जोडले. तू तिला म्हणालास की आई, भोंग्यातून पडलोय मी. सगळ्या तालुक्याने ऐकलंय. आता काय लपवतेस?

शस्त्रक्रियेच्या आदल्या रविवारी पळसदरीला सामने होते. तुला बोलावणं होतं, पण कमिटीने आधीच बजावलं की आजारपणाचं काही काढू नकोस, अपशकुन होतो, आणि ज्यांच्या हस्ते बक्षीस आहे त्या बंगलेवाल्या पाहुण्यांना बरं दिसणार नाही. तू मान डोलावलीस. पहिला डाव संपला, पाहुण्यांचे आभार मानायची वेळ आली, आणि तू माईक तोंडाशी नेलास.

"मी जनार्दन. माज्या डोक्यात गाठ हाय. भूत नाय, भानामती नाय, कुणाची नजर नाय. गाठ हाय. भगतानं कोंबडा घेतला, डॉक्टरीणबाई आता केस घेनार. पन गाठ दिसली ती डॉक्टरीणबाईंनाच."

कमिटीतला एक जण वाकून वायर शोधायला लागला. तू त्याच्याकडे न बघताच म्हणालास, "काढ वायर. पुढचा स्कोर कोण सांगनार, तू?" तेव्हा पहिल्यांदा लोक हसले, आणि हसले म्हणून थांबले, आणि थांबले म्हणून त्यांनी पुढचं ऐकलं. माणूस पडला तर त्याला कुशीवर वळवा. आजूबाजूचे दगड, काठ्या, खुर्च्या बाजूला घ्या. त्याला दाबून धरू नका. तोंडात चमचा नको, पाणी नको, कांदा नको, बोट तर नकोच. घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबलं नाही, किंवा थांबून परत आलं, तर गाडी काढा. पहिल्यांदाच आलं असेल तर थांबलं तरी दवाखान्यात न्या. आणि चप्पल पायातच राहू द्या, कारण धावायचं तुम्हाला आहे.

ते शेवटचं वाक्य तुला तिथल्या तिथे सुचलं. मी बांधावर उभी राहून ऐकत होते आणि मला हेवा वाटला.

शस्त्रक्रियेनंतर शब्द गेले. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं तसेच, नावं आधी गेली. वहिनी वाढायचा डाव हातात धरून विचारायची, हे काय? तू बराच वेळ बघायचास आणि म्हणायचास, "वनिता." ती हसायची, मग आत जाऊन रडायची, मग बाहेर येऊन पळी धरायची. टेंपो विकला गेला, कारण आता चालवायची परवानगी नव्हती. भेटायला येणारे खुर्चीच्या कडेवर बसायचे आणि सांगायचे, आता आराम कर, देवाचं नाव घे. एकाला तू म्हणालास, "आठवलं की घेतो." शब्द गेले होते, खोडी गेली नव्हती.

मी तुला म्हटलं, तू काम केलंस, आता बाकीचं मी करते, पत्रक काढते. आणि काढलं. तुला वाचून दाखवलं. त्यात आरोग्यव्यवस्था होती, मेंदूच्या डॉक्टरपर्यंत पोचायला बदलाव्या लागणाऱ्या गाड्या होत्या, तपासणीच्या रांगा होत्या, अंधश्रद्धेतून पोट भरणारे होते, आणि सगळ्यात खाली कुशीवर वळवणं होतं. तू डोळे मिटून ऐकलंस. मग बोटाने कागदाचा खालचा भाग दाखवलास आणि वरचा भाग दाखवलास. खालचं वर घे. मी म्हणाले, दादा, चप्पल हे लक्षण आहे, रोग मोठा आहे. तालुक्यातल्या माणसाला वेळेवर डोक्याचा फोटो काढून मिळत नाही, हा रोग आहे. तू शब्द शोधत राहिलास. फार वेळ. मी मध्ये शब्द दिला नाही, वहिनीने तसं शिकवलं होतं. शेवटी तू म्हणालास, "ते बी लिव. पन तवर जो पडंल, त्याला कोण वळवंल?"

माझ्याकडे उत्तर होतं, दादा. अजूनही आहे. वळवणाराही हवा आणि मशीनही हवी, आणि नुसता वळवणारा मिळाला म्हणून मशीन मागायचं थांबलं तर ते आपलंच नुकसान. हे मला तुझ्याशी पुढच्या हिवाळ्यात भांडायचं होतं, सामने सुरू झाले की, बांधावर बसून, शेंगा खात. तू भांडण अर्ध्यावर टाकून गेलास. ही तुझी लबाडी मी माफ केलेली नाही.

पण मधला तो एक हिवाळा तू मला दिलास. शेलूला नव्या इमारतींच्या मागे सामने होते. तू गेलास. सगळे नको म्हणत असताना गेलास, मावशीला शेजारी खुर्चीवर बसवून. पहिल्या षटकात कुणीतरी चेंडू हाणला, तो बांधापलीकडे गेला, तू उभा राहिलास, "आन हा" म्हणालास आणि अडकलास. त्याच शब्दांशी अडकलास, जे बोलताना आधी पडला होतास. मावशीचा हात तुझ्या शर्टाला गेला. पण तू घाबरला नाहीस. माईक तोंडापासून काढलास आणि लोकांकडे धरलास.

एक पोरगं ओरडलं, चौकार. मग बांधावरचे सगळे ओरडले.

त्या दिवसापासून तुझी कॉमेंट्री अशीच झाली. अर्धं वाक्य तुझं, अर्धं लोकांचं. लोक तुझे शब्द हातात घेऊन बसायचे आणि तू मागितलेस की द्यायचे. आणि डाव संपला की तू तुझा प्रश्न टाकायचास.

"मानूस पडला तर?"

"कुशीवर."

"तोंडात?"

"काय नाय."

"चप्पल?"

"पायात."

मी घोषणांमध्ये वाढले आहे. घोषणा देणाऱ्याचा आवाज कसा चढतो, गर्दी कशी उत्तर देते, हे मला पाठ आहे. पण ज्याच्याकडे शब्द उरलेले नाहीत असा माणूस गर्दीकडून एकेक शब्द मागून घेतो आणि देता देता गर्दीलाच तो पाठ होतो, हे मी फक्त तुझ्याकडे पाहिलं. तू कोणाला प्रेरणा द्यायला उभा नव्हतास. लोकांनी चप्पल काढू नये, हे तुला हवं होतं. तेवढंच हवं होतं, म्हणून ते झालं.

झालं म्हणजे कुठे झालं? चौक गावच्या एका गॅरेजात झालं. ट्रकखाली काम करणारा एक फिटर उन्हात उभा राहिला आणि झटका येऊन कोसळला. भोवती सगळे धावले. एकाने सवयीने चप्पल काढलीच. दुसरा म्हणाला, अरे, तो कॉमेंट्रीवाला काय सांगतो? आणि त्यांनी त्याला वळवलं, पाने-पकडी बाजूला लोटल्या, मोबाईलवर वेळ बघितली, रिक्षा आणली. तो माणूस नंतर तुला भेटायला आला होता. तू तेव्हा अंथरुणाला लागला होतास. त्याचं नाव तुला सांगितलं आणि लगेच तुझ्याकडून निसटलं. पण त्याच्या पायांकडे बघून तू हसलास. तो घाईघाईने चप्पल दाराबाहेर काढायला गेला, तर तू मानेने नको म्हणालास.

आता दहाव्याचं.

पिंड ठेवला. कावळा येईना. उन्हं चढली. नेहमीप्रमाणे लोक एकेक वचन द्यायला लागले, इच्छा राहिली असेल म्हणून. पोरीला शिकवू. वनिताला एकटं टाकणार नाही. आईला बघू. तरी कावळा झाडावरच. तेव्हा लांबचे एक काका म्हणाले, तो शिवायचा नाही. ते बाहेरचं होतं, माईक हातात घेऊन देवाला डिवचलं त्याने, वर डॉक्टरांचं ऐकलं.

मी तोंड उघडलं होतं. माझ्या तोंडात पत्रकभर उत्तर तयार होतं. पण माझ्या आधी मावशी उठली. तीच मावशी, जी हात जोडून सांगत होती की कुणाला कळू देऊ नका. ती म्हणाली, "बाहेरचं नाय. माज्या पोराच्या डोक्यात गाठ हुती. गाठ. नाव घ्यायला काय जातं तुमचं?" मग ती पिंडाकडे वळली आणि नेहमीच्या आवाजात, तू बाहेर निघाला असताना सांगायची तशी, म्हणाली, "जना, जा रं बाबा. चप्पल पायातच राहील."

कावळा शिवला की नाही ते मी लिहिणार नाही. भूक लागली की कावळा शिवतो. त्याच्या हातात तुझा निकाल द्यायला मी तयार नाही, आणि तुझी आईही नव्हती.

दादा, तुझ्या जाण्यात मला काहीही गोड सापडलेलं नाही. गाठीने तुला काही शिकवलं नाही, तिने फक्त घेतलं. जे केलंस ते तू केलंस, तिच्या नाकावर टिच्चून केलंस. तुला धन्यवाद म्हणायचे राहूनच गेले. तुला ते आवडलंही नसतं. आभाराच्या वेळी तू नेहमी दुसरंच काहीतरी बोलायचास.

म्हणून मीही तेच करते. वाचणाऱ्यांनो, माझ्या भावाला ओळखत नसाल तरी चालेल, त्याच्यासाठी दोन मिनिटं उभं राहायचीही गरज नाही. वर जे त्याने सांगितलं ते तुम्हाला आता ठाऊक आहे. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, दवाखाना गाठा. पण ठाऊक असून भागत नाही. त्या क्षणी माणूस विचार करत नाही, हात करतात. तेव्हा आज घरी एकाला तरी समोर बसवून विचारा, माणूस पडला तर आधी काय करशील? आणि त्याचा हात पायाकडे जायला लागला, तर तो हात धरा.